पायीची वहाण आणि दारची गाडी

साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मुहूर्त दिवाळीच्या पाडव्याला असतो. त्या दिवशी आमच्या दापोलीच्या बाजारपेठेतून कुठेही एक चक्कर मारा. चार घरांआड एका घरापुढे नवी कोरी दुचाकी उभी असलेली दिसेल. तिच्या दिव्यावर कुंकवाचे स्वस्तिक, हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. घरची सुवासीण तिला ओवाळते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. मग घरधनी गाडीवर बसतो, पुढे धाकट्याला उभे करतो, मागे नवे लुगडे नेसलेली गृहिणी एका बाजूला पाय सोडून बसते, आणि सारे बिऱ्हाड आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला निघते. पाहणाऱ्याला संतोष वाटावा असेच ते दृश्य असते. त्या दृश्यातली एकच गोष्ट माझ्या मास्तरी नजरेला खटकते. गाडीच्या अंगावर त्या दिवशी जेवढा साज असतो, त्याचा दहावा हिस्साही तिच्यावर बसणाऱ्याच्या अंगावर नसतो. पायांत तर साधी स्लीपर असते; आणि तीही गणपतीच्या पायऱ्यांशी काढावी लागणार म्हणून मुद्दाम जुनी घातलेली!

मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक शाळामास्तर, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचा नाद असलेला. परंतु कादंबरी लिहिणाऱ्याला एक खोड असते. पात्र रंगवायला घेतले की ते काय नेसले आहे आणि पायांत काय घातले आहे, हे पाहिल्याखेरीज त्याला चैन पडत नाही. त्या खोडीमुळेच मी या प्रश्नाच्या मागे लागलो. घोड्यावर बसताना आमच्या पूर्वजांनी वेगळा पोशाख केला. मग या लोखंडी घोड्यावर बसताना आपण घरातल्याच कपड्यांनी आणि घरातल्याच चपलांनी का बसतो? निव्वळ आळस म्हणून हा प्रश्न झटकून टाकता येईल. पण कोट्यवधी माणसे एकाच तऱ्हेने वागतात तेव्हा त्यामागे आळसापेक्षा काही जुने कारण असते, असा माझा समज आहे. ते कारण शोधता शोधता जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी आमच्या कोकणातल्या पायांविषयी. हा मुलूख चालणाऱ्यांचा. दापोली तालुक्यातल्या मुरूड गावचे धोंडो केशव कर्वे, पुढे महर्षी म्हणून जगाला माहीत झालेले, पोरवयात परीक्षेसाठी मुरुडाहून कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला पायी गेले होते. सुमारे ११० मैलांची ती वाट, दिवस पावसाळ्याचे. साताऱ्यास पोहोचल्यावर ‘तू वयाने लहान दिसतोस’ म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. अशा चालण्यात माणसाला भय असे ते पावसाचे, काट्याचे आणि किरडाचे. म्हणून डोक्यावर इरले, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. चालता चालता माणूस पडला तरी गुडघा खरचटे आणि लोक हसत, एवढ्यावर भागे. पडण्यासाठी म्हणून वेगळा पोशाख असावा, हे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. ताशी तीन मैल चालणाऱ्याला त्याची गरजच नव्हती.

वहाणेचीही गोष्ट अशीच. आपल्याकडे पायताण घालतात त्यापेक्षा काढतात जास्त. घराच्या उंबऱ्याशी काढायचे, देवळाच्या पायरीशी काढायचे, पंगतीआधी काढायचे, वडीलधाऱ्यांपुढे काढायचे, शेताच्या चिखलात शिरताना तर काढावेच लागते. ज्या वस्तूला दिवसातून वीस वेळा पायाबाहेर यावे लागते, ती वस्तू घडवणारा कारागीर काय करील? ती चटकन निघेल अशीच घडवील. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या कातड्याचे, तिच्या वेणीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण तीही अंगठ्याच्या आणि पट्ट्याच्या आधारावर पायात राहते, बांधलेली नसते. आपल्या साऱ्या चपला अशा सुटण्यासाठीच जन्माला आलेल्या आहेत. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

बांधलेला बूट कोकणात आला तो पलटणीबरोबर, आणि दापोलीत तो फार लवकर आला. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी इथे छावणी वसवली. म्हणून आजही म्हातारी माणसे गावाला ‘कॅम्प’ म्हणतात. छावणी उठल्यावरही पेन्शन घेतलेल्या शिपायांची, हवालदार-सुभेदारांची वस्ती इथे राहिली. त्यांत तेव्हा अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजातले लष्करी पेन्शनर पुष्कळ होते. गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून निवृत्त झाल्यावर दापोलीत राहिले आणि त्यांनी इथूनच अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवली. सुभेदार रामजी सकपाळ यांचे बिऱ्हाडही निवृत्तीनंतर काही काळ इथे होते. त्यांचा धाकटा मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ज्या काळी अनेक गावांतून या माणसांना वरिष्ठांच्या दारावरून वहाणा हातात घेऊन जावे लागे, त्या काळी पलटणीने त्यांच्या पायांत बूट चढवला. त्या बुटाचे मोल त्यांनाच कळले असेल. आपल्याकडे पायांतल्या वस्तूत केवळ कातडे नसते, मानापमानही असतो, हे सांगण्यासाठी एवढा उल्लेख केला.

आता स्वाराकडे वळू. स्वार पडतो, आणि पडला की मरतो, हे घोड्यावर बसणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. म्हणून त्याचा पोशाख पायी चालणाऱ्याहून वेगळा. आणि जपणुकीच्या पोशाखाचे आपल्या इतिहासातले सर्वांत मोठे उदाहरण तर शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजीमहाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत घातले होते आणि मंदिलाखाली लोखंडी टोप ठेवला होता, असे वर्णन आपण वाचत आलो आहोत. वरून पाहणाऱ्याला भरजरी पोशाख दिसला. आत पोलाद होते. महाराजांच्या धैर्याविषयी शंका घेणारा माणूस महाराष्ट्रात जन्माला यायचा आहे. त्या धैर्याला टोपाचा कमीपणा वाटला नाही. ‘डोक्यात ते मडके घालून फिरायला मी काय भित्रा आहे?’ असे विचारणारा एखादा तरुण भेटला, की मी त्याला वाद न घालता प्रतापगडचा धडा पुन्हा एकदा वाचायला सांगतो.

युरोपातही आरंभी असेच झाले. जर्मनीत गॉटलीब डाइम्लरने १८८५ साली लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचे इंजिन बसवून पहिली मोटारसायकल चालवून दाखवली. पुढे ती रस्त्यावर आली तेव्हा तिच्यावर बसणाऱ्यांनी पोशाख घेतला तो घोडेस्वाराकडूनच. घोट्यावर चढणारे बूट, पोटरीला कातडी पट्टे, हातांत मोजे, अंगात जाड डगला. साखळीचे वंगण, रस्त्याची धूळ आणि इंजिनाची धग या तिघांपासून वाचायचे तर दुसरा उपाय नव्हता. मोटारसायकल गलिच्छ होती, उघडीवाघडी होती, म्हणूनच तिच्यावरचा माणूस झाकलेला होता. डोके मात्र बराच काळ साध्या टोपीवरच राहिले. शर्यतीत धावणारे टणक टोप घालीत. रस्त्यावरच्या सामान्य स्वाराला ते थेर वाटे.

त्या डोक्याकडे जगाचे लक्ष वेधले एका प्रसिद्ध माणसाच्या मृत्यूने. पहिल्या महायुद्धात अरबांबरोबर लढलेला ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा पुढे साधा वायुसैनिक म्हणून कराचीला नोकरीस होता. म्हणजे तेव्हाच्या आपल्याच मुंबई इलाख्यात. वेगवान मोटारसायकलींचे त्याला वेड होते. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडातल्या एका खेड्याच्या रस्त्यावर सायकलवरच्या दोन मुलांना वाचवण्यासाठी त्याने गाडी वळवली, तो उडून पडला आणि सहा दिवसांनी, १९ मे रोजी, शुद्धीवर न येताच मरण पावला. डोक्यावर टोप नव्हता. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये रस्त्यांवरच २,२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांच्यामागे बसलेले लोक मेले. त्यांना शत्रूची गोळी लागली नव्हती. केर्न्स यांनी १९४१ साली या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. टोप घातलेला असताना जखमी झालेले सातच स्वार त्यांना आढळले, आणि त्या सातांतला एकही दगावला नव्हता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने आपल्या निरोप्या स्वारांना टोपाची सक्ती केली. सामान्य नागरिकांना ती सक्ती तिथेही १९७३ साली झाली. म्हणजे कागदावर सिद्ध झालेली गोष्ट कायद्यात यायला ३२ वर्षे लागली. उपदेश ऐकण्यात इंग्रज काही आपल्यापेक्षा फार तत्पर होते, असे समजण्याचे कारण नाही.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. वाहन उघडे, म्हणून स्वार झाकलेला. आता येते ते वळण, आणि माझ्या मते आपल्या सवयीचे मूळ याच वळणावर आहे.

महायुद्ध संपले तेव्हा इटलीतल्या पियाजिओ या विमाने बनवणाऱ्या कारखान्याची बॉम्बवर्षावाने धूळधाण झालेली होती. विमाने करायची सोय उरली नाही, तेव्हा मालकाने लोकांना परवडेल असे साधे वाहन काढायचे ठरवले आणि ते काम कोर्रादिनो दास्कानिओ या विमानांच्या इंजिनियराकडे सोपवले. मौज अशी की, दास्कानिओला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. तिच्यावर बसायला टांग टाकावी लागते, साखळीच्या वंगणाने विजार खराब होते, चाक पंक्चर झाले तर काढताना नाकी नऊ येतात, अशा त्याच्या तक्रारी होत्या. त्याने त्या एकेक करून निकालात काढल्या. इंजिन मागे नेऊन पत्र्याखाली झाकले. साखळी काढून टाकली. पाय ठेवायला सपाट फळी दिली. गिअर पायाकडून काढून डाव्या मुठीत आणला. आणि पुढच्या चाकाचा चिखल अंगावर उडू नये म्हणून गुडघ्यांपुढे पत्र्याचा उभा पडदा लावला. १९४६ साली ही गाडी बाजारात आली. नाव ‘व्हेस्पा’, म्हणजे गांधीलमाशी.

या गाडीने काय केले, ते नीट पाहिले पाहिजे. मोटारसायकलवर बसणाऱ्याला जो पोशाख करावा लागे, तो सारा तिने स्वतःच्या अंगावर चढवला. पोटरीच्या कातडी पट्ट्यांचे काम पत्र्याच्या पडद्याने घेतले, बुटाचे काम फळीने. त्यामुळे झगा घातलेली बाई, पांढरी विजार घातलेला कारकून, पायघोळ वस्त्रातला पाद्री, जो तो आपापल्या नेहमीच्या कपड्यांत तिच्यावर बसू लागला. पडदा होता चिखलापुरता. पडण्यापासून तो कोणालाही वाचवीत नव्हता. परंतु कपडे मळत नाहीत म्हणजे धोका नाही, असे मनाने हळूच ठरवून टाकले.

हे वाहन जणू आपल्यासाठीच घडवले होते. बजाज मंडळींनी १९४८ पासून व्हेस्पा आयात करून विकायला आरंभ केला. पुढे परवाना घेऊन पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभारला. मुंबईला लॅम्ब्रेटा जुळवली जाऊ लागली. इटालियन कंपनीबरोबरचा करार १९७१ साली संपला आणि पुढच्याच वर्षी बजाजने राणाप्रतापाच्या घोड्याचे नाव दिलेली ‘चेतक’ काढली. नाव घोड्याचे, पण वागणूक अगदी घरातल्या माणसाची! स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्या काळच्या लग्नाच्या याद्यांत सोन्याच्या खालोखाल तिचे नाव असे. स्कूटर आली की ती ओसरीवर, नाहीतर थेट माजघराच्या दारात उभी राही. रॉकेलचा डबा, पिठाची पिशवी, नारळाचे पोते, शाळेचे दप्तर, सारे तिच्या फळीवर बसे. धाकटे मूल हँडलमागे उभे राही आणि ‘पीप पीप’ करीत जाई. जिला आपण पाट-चौरंगासारखी घरातली वस्तू मानले, तिच्यावर बसताना पोशाख कोण करणार? धोतर चालले, लुगडे चालले, चप्पलही चालली.

लुगड्याच्या बाबतीत तर आपण उलट वाहनालाच आपल्या पोशाखापुढे नमते घ्यायला लावले. पदर किंवा निऱ्या मागच्या चाकात अडकून होणारे अपघात टाळावेत म्हणून चाकाच्या बाजूला जाळी बसवायची पद्धत पडली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमात तर ते स्पष्टच लिहिले आहे. मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला आधार हवा, आणि मागे बसणाऱ्याचे कपडे गुंतू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे साधन हवे. माझ्या माहितीप्रमाणे स्वाराच्या वस्त्राचा असा विचार करणारा हा आपल्या रस्त्यांवरचा सर्वांत शहाणा नियम आहे. त्याने किती मायबहिणींचे प्राण वाचवले असतील, त्याची गणती नाही.

आणि मग पारडे फिरले. १९८५ साली हीरो होंडाची ‘सीडी १००’ आली. थोड्या पेट्रोलवर पुष्कळ पळणारी ही मोटारसायकल पगारदारांना, शेतकऱ्यांना, दूध घालणाऱ्यांना पटली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोटारसायकलींनी स्कूटरला खपात मागे टाकले आणि २००५ च्या सुमारास जुनी गिअरची चेतक बनायची थांबली. दास्कानिओने जे झाकले होते, ते सारे पुन्हा उघडे पडले. पुढचा पडदा गेला. सपाट फळी गेली. इंजिन दोन पायांच्या मधोमध आले. तापलेला सायलेन्सर पोटरीशेजारी आला. गिअर मुठीतून निघून डाव्या पायाच्या बोटांवर आला. गाडी आडवी झाली की तिचे तीनेक मण वजन ज्या पायावर येते, तो पाय आता काठाशी उघडा होता.

वाहन बदलले, आपण बदललो नाही. बापाने चेतकवर बसताना जी चप्पल घातली, तीच घालून मुलगा मोटारसायकलवर बसला. आई जशी एका बाजूला पाय सोडून बसे, तशीच सून बसली. स्कूटरने आपल्या अंगावर घेतलेला पोशाख मोटारसायकलने उतरवून ठेवला, आणि तो उचलून आपण घालायचा होता, हे कोणी सांगितलेच नाही. माझ्या मूळ प्रश्नाला जे उत्तर सापडले ते एवढेच आहे. आपण मनाने अजून स्कूटरवरच बसलेले आहोत. आता बिनगिअरच्या स्कूटर पुन्हा घरोघर आल्या आहेत, २०२० साली विजेवर चालणारी चेतकही आली. त्यांवर फळी आणि पडदा आहे हे खरे. पण त्यांचा वेग जुन्या चेतकहून कमी नाही, आणि रस्ते तर पूर्वीपेक्षा कितीतरी गुळगुळीत झाले आहेत.

कायद्याने यात काय केले? त्याने डोके हाती घेतले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने दुचाकीवरच्या माणसाला शिरस्त्राण सक्तीचे केले. पगडी बांधणाऱ्या शिखांना तेवढी सूट दिली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातला हेल्मेटसक्तीचा नियमही वैध ठरवला. २०१९ च्या दुरुस्तीने दंड १,००० रुपये झाला आणि तीन महिने परवाना गमावण्याची तरतूद आली. जून २०२१ पासून भारतीय मानकाची खूण नसलेले हेल्मेट बनवणे आणि विकणे गुन्हा ठरला. चार वर्षांखालच्या मुलांसाठी २०२२ साली पट्ट्याचा आणि छोट्या हेल्मेटचा नियम निघाला. इतके असूनही आपला विरोध काही कमी नाही. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात सक्ती कडक झाली, तेव्हा दोनच दिवसांत तिच्याविरुद्ध मोर्चा निघाला. पुण्यात सक्तीविरुद्ध मोर्चा निघाला नसता तर ते पुणे कसले, असे म्हणून आपण हसतो. परंतु पुढचा आकडा वाचल्यावर हसू ओठांवरच थांबते. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक देशाच्या रस्त्यांवर मेले. त्यांत ३५,६९२ गाडी चालवणारे होते आणि १४,३३७ मागे बसलेले. जगभरच्या अनुभवांची छाननी करून वैद्यकीय संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा की, हेल्मेटने मृत्यूचा संभव सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

पण त्या अहवालात हेल्मेटचे सदर आहे, आसनपट्ट्याचे आहे, पायांचे नाही. पायांविषयी कायदा गप्प आहे. २०१९ साली नवे दंड लागू झाले तेव्हा ‘चप्पल घालून गाडी चालवली तर दंड’ अशी वार्ता सर्वत्र पसरली. शेवटी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाला खुलासा करावा लागला की असा काही दंड नाही. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दंड नाही, हे ठीकच झाले. चप्पल घालणाऱ्या गरिबाला दंड करून काही साधत नाही. पण दंड नाही याचा अर्थ धोका नाही असा आपण घेतला, आणि तिथेच फसलो.

माझ्या वर्गातून शिकून गेलेल्या एका मुलाची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. मुलगा गुणी, अंगाने काटक. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घेऊन अनवाणी नाचवण्यात पुढे. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात, पावसाची सर नुकतीच सरली असताना, हर्णैच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली. वेग तीस-पस्तीसच्या वर नव्हता. डोक्यात चांगले हेल्मेट होते. ते रस्त्यावर आपटून चिरले, आणि त्याच्या डोक्याला टेंगूळसुद्धा आले नाही. पायांत मात्र रबरी चप्पल होती. गाडी आडवी होताच आधी चप्पल निघाली आणि मग उघडा घोटा पायदानाखाली सापडून डांबरावरून फरफटला. मी भेटायला गेलो तेव्हा पाय उशीवर ठेवून तो पडून होता. म्हणाला, “गुरुजी, डोकं शाबूत आहे बघा. हेल्मेट होतं ना!” त्याची आई कोपऱ्यात भात निवडीत बसली होती. ती एवढेच म्हणाली, “डोकं राहिलं ही देवाची कृपा. पण आमचं पोट त्याच्या पायांवर आहे, गुरुजी.” तीन महिने तो अंथरुणावर होता. आता चालतो; पण घोटा पुरता वळत नाही. गेल्या शिमग्यात पालखी दारावरून गेली तेव्हा तो ओटीवर उभा राहून ताशाच्या ठेक्यावर बोटे वाजवीत होता.

त्या माउलीचे वाक्य मला फार मोलाचे वाटते. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याचा पाय मोडला तर रजा मिळते. शेतकऱ्याचा, खलाशाचा, माडावर चढणाऱ्या पाडेल्याचा पाय मोडला तर घर बसते. आणि आमच्या भागात दुचाकीवर फिरणारे बहुतेक लोक या दुसऱ्या जातीचे आहेत.

धोका मोजायचा तर मुलांना मी एक हिशोब फळ्यावर घालून देतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे २० फुटांवरून खाली पडणे. वेग ६० झाला की तीच उंची ४६ फूट होते. म्हणजे वेग दीडपट, पण उंची सव्वादोन पट! आमच्याकडचा चांगला वाढलेला माड साधारण तेवढाच उंच असतो. माडाच्या शेंड्यावर बसलेला माणूस खाली पाहून जपून हात-पाय हलवतो. त्याच उंचीचा वेग अंगात असलेला माणूस रस्त्यावर मात्र निर्धास्त असतो, कारण उंची डोळ्यांना दिसते आणि वेग दिसत नाही.

मग करावे काय? शर्यतीतल्या स्वारांसारखा कातड्याचा पोशाख चढवा, असे मी सांगणार नाही. कोकणच्या वैशाखात तो घालणारा माणूस अपघाताआधी उकाड्यानेच आडवा होईल. उपाय साधेच आहेत. पायांत घोट्यावर चढणारा, नाडीने किंवा पट्ट्याने बांधलेला बूट असावा. पुढे बोटे झाकलेली, मागे टाच धरलेली आणि तळ ओल्यात न घसरणारा. लोंबणारी नाडी आत खोचावी, नाहीतर ती पायदानात किंवा गिअरच्या दांडीत अडकते. सैनिकाचा जुना बूट किंवा कारखान्यात घालतात तो कामाचा बूटही उत्तम. अंगात जाड कापडाची पुऱ्या बाह्यांची विजार-सदरा असावा. पडताना माणूस आधी हात टेकतो, म्हणून हातमोजे असावेत. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळलेला असावा, आणि एकदा जोराने आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. आतला फुगीर थर स्वतः चेंगरून धक्का गिळतो. एकदा चेंगरला की तो दुसऱ्यांदा कामी येत नाही. मागे बसणाऱ्या बाईने शक्यतो दोन्हीकडे पाय टाकून बसावे, पदर-ओढणी खोचून घ्यावी, आणि चाकाची जाळी ‘गाडी शोभत नाही’ म्हणून कोणी काढली असेल तर ती आधी बसवून घ्यावी. मुलांच्या टाचा चाकाच्या तारांत जातात त्याही तिथेच अडतात. आमच्याकडे पावसाळ्यात साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या दिवसांत गमबूट चालेल, स्लीपर चालणार नाही.

गाडी विकताना निर्मात्याने हेल्मेटही दिले पाहिजे, असा नियम आहे. बूट देण्याचा नियम नाही आणि तो कोणी करीलसे दिसत नाही. तेव्हा हे काम घरच्या माणसांनीच अंगावर घ्यायला हवे. आपल्याकडे रीतीभाती अशाच सुरू होतात. एका घरात कोणी वडीलधारे माणूस काही करते, शेजारी पाहतात, आणि दहा वर्षांत तो कुळाचार होऊन बसतो. चाकाखाली लिंबू ठेवण्याची रीतही अशीच कोणीतरी पहिल्यांदा सुरू केली असेल.

पाडव्याला नवरा बायकोला ओवाळणी घालतो, भाऊबीजेला भाऊ बहिणीला घालतो. यंदा ज्यांच्या घरी गाडी येणार आहे किंवा आधीच दारात आहे, त्यांनी ओवाळणीचा विचार करताना एकदा पायांकडेही पाहावे. ताटात बूट ठेवणे आपल्या संस्काराला रुचणार नाही, ते मलाही कळते. ताट जागच्या जागी राहू द्या. बुटांचा जोड उंबऱ्याबाहेर, गाडीच्या शेजारी ठेवा. त्याची जागा तीच आहे. आणि आंजर्ल्याच्या पायऱ्यांशी नाड्या सोडायला दोन मिनिटे जास्त लागली, तर कड्यावरचा गणपती तेवढा वेळ खुशाल थांबेल.